परतीच्या वाटेवरचा दोष

मालमोटारीच्या चालकाला उजवीकडे वळावयाचे असले म्हणजे पूर्वी तो खिडकीतून उजवा हात सरळ बाहेर काढीत असे. डावीकडे वळावयाचे असले, तरीही बाहेर निघे तो उजवाच हात. फक्त तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गोल फिरविला जाई. आपल्याकडे स्टिअरिंग उजव्या बाजूस असते, आणि डावा हात दाखवावा तर तो दिसणार शेजारी बसलेल्या क्लीनरला! 1939 च्या मोटार वाहन कायद्यात या हस्तसंकेतांना रीतसर स्थान होते. योगायोग असा की, त्याच साली अमेरिकेत ब्यूक कंपनीने आपल्या मोटारींना लुकलुकणारे वळणाचे दिवे कारखान्यातूनच बसवून देण्यास प्रारंभ केला. युरोपातील मोटारींना त्या काळी दाराजवळच्या खांबातून बाहेर डोकावणारा एक प्रकाशित दांडा असे. तो दांडा पुढे नाहीसा झाला, हातही आत गेला, आणि सारी भिस्त दिव्यावर आली. आपल्याकडील 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी या दिव्याचा रंग पिवळसर नारिंगी ठरविला आणि त्याने मिनिटाला साठांहून कमी नव्हे व एकशेवीसांहून अधिक नव्हे इतक्या वेळा लुकलुकावे, असे बंधन घातले.

या दिव्याची एक अडचण अशी की, ज्याच्या मालकीचा तो दिवा त्याला तो कधीच दिसत नाही. चालकापुढे फलकावर हिरवा ठिपका लुकलुकतो, कानाला टिकटिक ऐकू येते, आणि आपला संदेश मागे पोहोचला असे तो समाधानाने समजतो. प्रत्यक्षात पंचवीस फूट मागे, फाळक्याखाली, चिखलाने माखलेल्या काचेआड काहीच उजळलेले नसते. कसारा घाटातील पावसाळी संध्याकाळ असो, की पंजाब-हरियाणाच्या रस्त्यांवरील डिसेंबरातले धुके असो, मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला त्या अंधारातून एकच अर्थ निघतो : पुढची गाडी सरळ जाणार आहे. त्यातच पुष्कळ महामार्गांवर उजवा दिवा लावून मागच्याला ‘पुढे जा’ अशी परवानगी देण्याची प्रथा पडली आहे. एकाच खुणेचे ‘मी उजवीकडे वळतो आहे’ आणि ‘तू उजवीकडून ये’ असे दोन परस्परविरोधी अर्थ होणे हे पुरेसे भयंकर आहे. त्या खुणेतच बिघाड असला, तर मग बोलावयासच नको.

वीस-पंचवीस वर्षे वयाच्या ट्रकमध्ये हा बिघाड वारंवार होतो. त्याचा शोध मात्र बहुधा उलट्या बाजूने घेतला जातो. दिवा लागत नाही म्हणून बल्ब बदलतात. तरी लागत नाही म्हणून फ्लॅशर बदलतात. तेवढ्यानेही भागले नाही, म्हणजे स्टिअरिंगखालचा स्विच नवा आणतात. तीन वस्तूंचे पैसे जातात आणि दोष जिथल्या तिथे राहतो. याचे कारण असे की, दिव्यापर्यंत वीज कशी जाते याचा विचार सर्वजण करतात. दिव्यापासून ती परत कशी येते, याचा विचार फारच थोडे करतात.

जड ट्रकमध्ये बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून चोवीस व्होल्टचा दाब मिळविलेला असतो. तेथून प्रवाह किल्लीच्या स्विचमधून फ्यूजकडे, फ्यूजमधून फ्लॅशरकडे, आणि फ्लॅशरमधून वळणाच्या स्विचकडे येतो. तेथे त्याला डावी व उजवी अशा दोन वाटा फुटतात. प्रत्येक वाटेवर पुढे एक आणि मागे एक असे एकवीस वॅटचे दिवे असतात. कित्येक गाड्यांना कुशीवर एक लहान दिवा अधिक असतो. एका मोठ्या दिव्याला सुमारे पाऊण ते एक अँपिअर प्रवाह लागतो, दोहोंना पावणेदोन. जुन्या पद्धतीचा फ्लॅशर या प्रवाहावरच जगतो. त्यातील धातूची पातळ पट्टी प्रवाहाने तापते, वाकते, आणि संपर्क तुटतो. निवली की पूर्ववत होते आणि दिवा पुन्हा उजळतो. दोहोंपैकी एक दिवा गेला, की प्रवाह निम्मा होतो, पट्टी पुरेशी तापत नाही, आणि उरलेला दिवा सावकाश लुकलुकतो किंवा नुसताच जळत राहतो. नंतरच्या काळातील इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरची रीत याच्या नेमकी उलट : एक दिवा गेला की तो दुप्पट घाईने टिकटिकू लागतो. म्हणून लक्षणावरून निदान करण्याआधी गाडीत कोणत्या जातीचा फ्लॅशर बसविला आहे, हे पाहावे लागते.

लक्षण नीट पाहिले, तर अर्धे काम हत्यार हाती न घेताच होते. दोन्ही बाजू बंद असतील, तर दोष दोन वाटा फुटण्यापूर्वीच्या भागात, म्हणजे फ्यूज, फ्लॅशर किंवा त्यांच्याकडे येणाऱ्या तारेत असला पाहिजे. चारही दिवे एकदम लुकलुकविण्याचा धोक्याचा स्विच ज्या गाडीला आहे, तिच्यात तो लावून पाहावा. ते चार दिवे नीट चालत असतील, तर बल्ब आणि अर्थिंग बहुतेक निर्दोष ठरतात, आणि फ्लॅशर सामाईक असल्यास तोही सुटतो. संशय उरतो तो किल्लीवरून येणाऱ्या फ्यूजवर आणि खुद्द त्या धोक्याच्या स्विचवर. कारण कित्येक गाड्यांत वळणाच्या दिव्यांचा प्रवाह त्याच स्विचच्या पोटातून जातो, आणि वर्षानुवर्षे न वापरलेले त्याचे संपर्क काळे पडलेले असतात. तो दहावीस वेळा चालू-बंद केल्याने दिवे जिवंत झाल्याची उदाहरणे गॅरेजमध्ये नवी नाहीत.

एकच बाजू आजारी असेल, तर मात्र दिव्याच्या परतीच्या वाटेकडे वळावे. मोटारीत परतीसाठी स्वतंत्र तार शेवटपर्यंत नेण्याची पद्धत नाही. लोखंडी चासी हीच सर्व दिव्यांची सामाईक परतीची वाट. कारागिरांच्या बोलीत तिला ‘अर्थ’ म्हणतात. ‘ह्या दिव्याला अर्थच नाही’ हे वायरमनचे वाक्य कानी पडल्यास साहित्याच्या अभ्यासकाने दचकण्याचे कारण नाही. चासीशी असलेला त्या दिव्याचा संबंध तुटला आहे, एवढेच त्याला म्हणावयाचे असते.

हा संबंध आपल्याकडील ट्रकमध्ये विशेषच का तुटतो, हेही समजून घेण्याजोगे आहे. पुष्कळ ट्रक कारखान्यातून बाहेर पडतात ते नुसत्या चासीच्या रूपाने. तिच्यावर हौदा चढतो तो तमिळनाडूत नामक्कलला, किंवा अन्य कोठल्या तरी शहरात बॉडी बांधणाऱ्याच्या अंगणात. कारखान्याने घातलेले वायरिंग शिस्तीचे असते; परंतु मागचे दिवे हौद्याच्या बांधणीप्रमाणे जागा बदलतात, आणि त्यांच्यापर्यंतची अखेरची चारसहा फूट तार स्थानिक हातांनी ओढलेली असते. दिवा बसतो लाकडी फळीवर किंवा रंगाचे दोन जाड हात दिलेल्या पत्र्यावर. लाकडातून वीज वाहत नाही, आणि रंगातूनही नाही. स्क्रूच्या टोकाने रंग खरवडला गेला तेवढाच काय तो संबंध. नवेपणी तो पुरतो. चार पावसाळे गेले की स्क्रूखाली गंज धरतो. मुंबई, कांडला किंवा विशाखापट्टणमच्या बंदरांत फेऱ्या करणाऱ्या गाड्यांना तर खारी हवा तेवढा वेळही देत नाही.

आता गंमत पाहावी. मागच्या उजव्या दिव्याच्या एकाच खोक्यात वळणाचा, ब्रेकचा आणि शेपटीचा असे तीन दिवे नांदतात, आणि तिघांचे अर्थिंग एक. ते तुटले की प्रवाह स्वस्थ बसत नाही. तो शेजाऱ्याच्या घरातून वाट काढतो. दिवसा उजवा इंडिकेटर लावला असता प्रवाह त्याच्या तारेतून आत शिरतो, आणि परतीची वाट बंद दिसताच शेपटीच्या लहान दिव्यातून उलटा निघून, नंबरपाटीच्या व पुढच्या छोट्या दिव्यांमधून चासीला मिळतो. एवढ्या दिव्यांतून गाळून निघालेला प्रवाह इतका क्षीण असतो की वळणाचा दिवा उजळतच नाही. भलतेच लहान दिवे मात्र मिणमिणतात. रात्री शेपटीचे दिवे चालू केले, की नाटक बदलते. मग शेपटीच्याच दिव्याचा प्रवाह वळणाच्या दिव्यातून उलटा पुढे जातो आणि पुढच्या इंडिकेटरमधून चासी गाठतो. आणि इंडिकेटर लावला, की तो ज्या क्षणी उजळावयास हवा नेमक्या त्याच क्षणी शेपटीचा दिवा विझतो. दिवसा एक रोग, रात्री दुसरा. मालकाला वाटते वायरिंग सबंध जळाले, नवे घालावे लागणार. वास्तविक दोष एका गंजलेल्या स्क्रूचा असतो.

याची परीक्षा सोपी आहे. हातभर जाड तारेचे एक टोक चासीच्या खरवडून लख्ख केलेल्या भागावर धरावे, आणि दुसरे दिव्याच्या धातूच्या होल्डरला टेकवावे. तत्क्षणी सारे दिवे आपापल्या जागी शहाण्यासारखे वागू लागले, तर निदान पुरे झाले.

संबंध पूर्ण तुटलेला नसून नुसता दुबळा झाला असेल, तेव्हा दिवा लागतो पण मंद लागतो. आणि हा प्रकार अधिक फसवा. परतीच्या वाटेवर गंजाने केवळ पाच ओहमचा अडथळा उभा राहिला, तरी चोवीसांपैकी साडेतीन-चार व्होल्ट तेथेच खर्ची पडतात आणि दिव्याचा प्रकाश जवळजवळ निम्म्यावर येतो; कारण दाब थोडा घटला तरी तंतूचा उजेड त्याच्या कितीतरी पट अधिक घटतो. भर उन्हात असा दिवा लागला काय आणि न लागला काय, सारखेच. येथे व्होल्टमीटर कामी येतो, परंतु तो योग्य रीतीने लावला तर. दिवा काढून रिकाम्या होल्डरवर मीटर लावणारा कारागीर पूर्ण चोवीस व्होल्ट पाहून ‘वीज बरोबर आहे’ असा निर्वाळा देतो, आणि तेथेच फसतो. मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. त्यामुळे सगळे पदर तुटून एकच उरलेल्या तारेतूनही त्याला पूर्ण दाब दिसतो. दिवा लावून ठेवावा, मीटरचे एक टोक होल्डरच्या धातूवर आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकावर धरावे. आकडा शून्याच्या अगदी जवळ असावा. तो दोन-तीन व्होल्ट निघाला, तर तेवढा दाब परतीच्या वाटेवर गमावला जात आहे. रस्त्याकडेला मीटर नसेल, तर एकवीस वॅटचा एक बल्ब दोन तारांना जोडून केलेला टेस्ट लॅम्प अधिक प्रामाणिक साक्ष देतो. कारण तो खरा भार घेतो.

दुरुस्ती करताना रंग खरवडून धातू उघडा करावा, होल्डरपासून चासीपर्यंत स्वतंत्र तार ओढावी, तिच्या टोकाला दाबून बसविलेला लग घालावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि वरून व्हॅसलिन किंवा ग्रीसचा हात द्यावा. खर्च किरकोळ. तारा पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळण्याची जी सार्वत्रिक रीत आहे, तिच्याविषयी मात्र चांगले बोलवत नाही. उन्हाने पट्टीचा डिंक वितळतो, पावसाचे पाणी तारेच्या पदरांतून आत चढत जाते, आणि वर्षभराने ती सोलून पाहिली तर आत तांब्याऐवजी हिरवी भुकटी सापडते.

यापेक्षाही निंद्य प्रकार म्हणजे फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद किंवा तांब्याची तार घालणे. फ्यूज पुन्हा पुन्हा जळतो याचा अर्थ कोठेतरी तार चासीला घासून उघडी पडली आहे. बहुधा आडव्या पट्टीच्या ज्या भोकातून ती जाते, तेथील रबरी कडे गळून गेलेले असते. गाडी खड्ड्यात आदळली की फ्यूज जातो, उभी असताना काहीच दिसत नाही. अशा वेळी जाड तार घालून फ्यूजला मुके केले, तर तापते ती सबंध वायरिंगची दोरी. आणि तिच्यावर, एका फळीच्या अंतरावर, कापसाच्या गाठी लादलेल्या असू शकतात.

अलीकडे जुन्या होल्डरमध्ये एलईडीचे दिवे बसविण्याची हौस वाढली आहे. ते उजळ असतात, टिकतातही. परंतु एकवीसऐवजी दोन-तीन वॅट घेणाऱ्या दिव्याने जुन्या फ्लॅशरची पट्टी तापणार कशी? दिवा लुकलुकतच नाही. उपाय म्हणून जोडीला रोधक बसवितात; तो चटका बसण्याइतका तापतो, आणि लाकडी हौद्याशेजारी त्याची जागा नव्हे. त्यापेक्षा भारावर अवलंबून न राहणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घेणे बरे. अर्थिंगची गरज मात्र एलईडीलाही तितकीच आहे.

आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला दर वर्षी योग्यता प्रमाणपत्र नव्याने घ्यावे लागते. त्या दिवशी दिवे लागतात. गाडी पुसलेली असते, एकेक दिवा वेगवेगळा लावून दाखविला जातो. दुबळे अर्थिंग अशा सौम्य परीक्षेत उत्तीर्ण होते. त्याचे पितळ उघडे पडते ते सर्व दिव्यांचा भार एकदम पडला म्हणजे. म्हणून वायरमनने काम संपविताना इंजिन चालू ठेवावे, पुढचे व शेपटीचे दिवे लावावेत, ब्रेकवर पाय दाबून धरावयास सांगावे आणि मगच इंडिकेटर लावावा, आधी उजवा, मग डावा. क्लीनरने फाळका पुसून तीसचाळीस पावले मागे जावे आणि घड्याळ लावून अर्धे मिनिट मोजावे : तीस ते साठ.