चाळीतून संकुलात : गृहनिर्माण संस्थेचे नियम आणि आपले अधिकार
(नव्या इमारतींत राहावयास गेलेल्या कुटुंबांच्या सभेत एका वकिलाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यापैकी बहुतेकांचे आजवरचे आयुष्य चाळीच्या वा झोपडवस्तीच्या एका खोलीत गेले. आता तुमच्या हाती स्वतःच्या घराची किल्ली आली आहे. मुंबईत वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या इमारतींतील घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. मुंबई विकास खात्याने सुमारे शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या त्या चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत एकेका कुटुंबाच्या तीन-तीन पिढ्या वाढल्या. आज त्याच जागी ५०० चौरस फुटांचे घर मिळाले आहे. ही आनंदाची गोष्ट आहे, आणि त्याबद्दल मी तुमचे अभिनंदन करतो. परंतु मी व्यवसायाने वकील आहे. अभिनंदन करून थांबणे हे माझे काम नव्हे. घर बदलले म्हणजे सामान हलवले, एवढाच त्याचा अर्थ नाही. घराबरोबर कायदाही बदलतो, आणि तो कसा बदलतो हे सांगण्यासाठी मी आज उभा आहे.

चाळीत तुम्ही भाडेकरू होता. जिना मोडला, नळ गळला, तर बोट दाखवावयास सरकार होते किंवा मालक होता. नव्या इमारतीत तसा कोणी उरत नाही. तेथे सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन होते आणि तुम्ही तिचे सभासद होता. जिना तुमचा, उद्वाहन तुमचे, पाण्याची टाकी तुमची, आणि त्यांचा खर्चही तुमचाच. ह्या संस्थेचा कारभार महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे चालतो. २०१९ साली त्या अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. त्याखाली संस्थेचे उपविधी असतात. हे उपविधी म्हणजे तुमच्या इमारतीची घटनाच होय. घरात टीव्ही आणण्यापूर्वी उपविधींची प्रत आणा, असे माझे तुम्हांस पहिले सांगणे आहे.

नियम कोणाचे?

आपल्या समाजाला ‘नियम’ ह्या शब्दाची धास्ती वाटते, आणि त्यात नवल नाही. पिढ्यान् पिढ्या आपल्यावर जे नियम लादले गेले ते दुसऱ्यांनी केलेले होते. पाणवठ्यावर कोणी जावे, रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालावे, घर गावाच्या कोणत्या दिशेस बांधावे, हे ठरवताना आपल्याला कोणी विचारले नव्हते. म्हणून आजही संस्थेच्या सचिवाने सूचनाफलकावर कागद लावला की कित्येकांच्या मनात येते, ‘हा कोण आम्हांला सांगणार?’

परंतु येथे एक मूलभूत फरक आहे. संस्थेचे उपविधी बदलण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेला आहे, आणि त्या सभेत तुम्हांला मत आहे. मोठ्या घरवाल्याला दोन मते आणि लहान घरवाल्याला अर्धे, असा प्रकार नाही. एक सभासद, एक मत. ज्या नियमाच्या निर्मितीत आपला हात आहे तो नियम पाळण्यात कमीपणा नाही.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात बौद्ध भिक्षुसंघाचा दाखला दिला होता. सभेत बसण्याची व्यवस्था, ठराव मांडण्याची रीत, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे नियम संघाला ठाऊक होते आणि संघ ते पाळत असे, हे त्यांनी देशाच्या निदर्शनास आणून दिले. महापरिनिब्बान सुत्तात वज्जींच्या गणराज्याविषयी भगवंतांनी जे सांगितले आहे त्याचे तात्पर्यही तुम्हांस माहीत आहे : जोवर ते वारंवार एकत्र जमतील, एकोप्याने बसतील आणि एकोप्याने उठतील, तोवर त्यांची वाढच होईल. तेव्हा सभा, ठराव आणि मतदान ह्या गोष्टी आपल्याला परक्या नाहीत. त्या आपल्या वारशातल्याच आहेत.

पैशांचा हिशेब

आता व्यवहाराकडे वळतो. दरमहा जे बिल येते त्यात अनेक बाबी असतात, आणि प्रत्येक बाबीच्या वाटणीची रीत आदर्श उपविधींत सांगितलेली आहे. मालमत्ता कर महानगरपालिका ठरवील त्याप्रमाणे. पाण्याचा आकार प्रत्येक घरातील नळांच्या संख्येवर व आकारावर. पहारेकरी, सफाई, सामायिक दिवे, कार्यालय ह्यांचे सेवाशुल्क सर्व घरांना सारखे. उद्वाहनाचा खर्चही सर्वांना सारखा, मग तुम्ही ते वापरा वा वापरू नका. ‘मी पहिल्या मजल्यावर राहतो, मी लिफ्टचे पैसे का देऊ?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तर असे की, उद्वाहन ही इमारतीची मालमत्ता आहे आणि इमारतीत तुमचा वाटा आहे.

ह्याखेरीज दोन निधी असतात. दुरुस्ती व देखभाल निधी घराच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दरसाल, आणि सिंकिंग फंड म्हणजे पुढील मोठ्या बांधकामाची गंगाजळी, किमान पाव टक्का दरसाल. समजा, तुमच्या घराचा बांधकाम खर्च १५ लाख रुपये आहे. तर पहिल्या निधीचे वर्षाला ११,२५० आणि दुसऱ्याचे ३,७५० रुपये होतात. एकूण १५,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,२५०. चाळीच्या भाड्याशी तुलना केली तर हा आकडा भीती घालतो. म्हणूनच नव्या घरात पाऊल टाकण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून महिन्याचा जमाखर्च मांडला पाहिजे. घर फुकट मिळाले म्हणून घरात राहणे फुकट होत नाही.

बिल थकले तर काय होते, हेही स्पष्ट सांगतो. संस्था थकबाकीवर दरसाल २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज आकारू शकते. ३०,००० रुपये वर्षभर थकले तर ६,३०० रुपये नुसते व्याजाचे होतात. पुढे संस्था कलम १५४ब-२९ खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळवू शकते, आणि मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. त्यात जप्ती आली, आणि वेळ पडल्यास घराचा लिलावही आला. माझ्याकडे अशी कुटुंबे आली आहेत की ज्यांनी नोटिसा उघडूनच पाहिल्या नाहीत. कोणी म्हणाले, सचिवाशी भांडण होते म्हणून पैसे अडवले. बंधूंनो, भांडण असेल तर भांडा, परंतु पैसे भरून भांडा. ‘हरकत राखून रक्कम भरीत आहे’ असे लेखी कळवा आणि पावती घ्या. थकबाकीदार ठरलेल्या सभासदाला व्यवस्थापक समितीवर निवडून येता येत नाही. म्हणजे पैसे अडवून तुम्ही आपलीच जीभ कापून घेता.

दुसऱ्या बाजूने संस्थेलाही मर्यादा आहेत. वसुलीसाठी कायद्याने दाखल्याचा मार्ग दिला आहे. पाणी तोडून लहान मुलांना तहानलेले ठेवण्याचा मार्ग दिलेला नाही. तुम्ही घर भाड्याने दिले तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. सेवाशुल्क १,५०० रुपये असेल तर हे शुल्क फार तर १५० रुपये. तसेच उपविधींनी शुल्काच्या ज्या बाबी नेमून दिल्या आहेत त्यांत कोणत्याही धर्माच्या पूजेची वर्गणी नाही. शेजाऱ्याच्या सणाला तुम्ही आनंदाने वर्गणी द्याल तर तो स्नेह झाला. परंतु ती बिलात घालून सक्तीने वसूल करता येत नाही. हाच न्याय आपल्या जयंतीलाही लागू आहे, हे विसरू नका.

शेजारधर्म

चाळीत गॅलरी हे सर्वांचे अंगण होते. तेथेच धुणे वाळे, तेथेच मुले अभ्यास करीत, तेथेच लग्नाच्या पंगती उठत. त्या जीवनातील माया नव्या इमारतीत जरूर न्या; परंतु सामान दाराबाहेर ठेवू नका. उंच इमारतीतील जिना आणि आसऱ्याची मोकळी जागा ही आगीच्या प्रसंगी जीव वाचवण्यासाठी असते. महाराष्ट्रात आग प्रतिबंधाचा २००६ चा स्वतंत्र अधिनियम आहे, आणि जिन्यात ठेवलेली सायकल वा जुने कपाट हा वरच्या मजल्यावरील सर्वांच्या जिवाशी खेळ होतो. घरातली भिंत पाडताना किंवा न्हाणीघर हलवतानाही संस्थेची व महानगरपालिकेची परवानगी आधी घेतली पाहिजे. तुमच्या घरची भिंत ही वरच्या घराचा आधार असू शकते.

१४ एप्रिल आणि बुद्धपौर्णिमा आपण साजरी करूच. आवारात कार्यक्रम करण्यासाठी समितीकडे वेळेवर लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ह्या वेळात ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. राज्य शासनाने वर्षातून मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत दिली तरच अपवाद. आपण नियम पाळून जयंती केली की दुसऱ्याने नियम मोडल्यावर तक्रार करण्याचा आपला अधिकार बळकट होतो. तसेच, इतर मंडळांना आवार वापरू दिले आणि तुमचा अर्ज मात्र कारण न देता नाकारला, तर तो नकार लेखी मागा. लेखी नकार हा पुरावा असतो.

भेदभाव झाला तर

आता ज्या प्रश्नासाठी तुमच्यापैकी अनेक जण येथे आले आहेत त्याकडे येतो. काहींनी अन्य संकुलांत पैसे मोजून घर घेतले आहे. तेथे आडनाव विचारले जाते, भिंतीवरची तसबीर पाहिली जाते, आणि मग सभासदत्वाचा अर्ज महिनोन् महिने पडून राहतो.

कायदा असा आहे : पुरेशा कारणावाचून संस्थेला सभासदत्व नाकारता येत नाही. अर्जावरील निर्णय तीन महिन्यांच्या आत व्हावा लागतो, आणि नाकारल्यास निबंधकाकडे अपील करता येते. येथे एक सावधगिरीची सूचना देतो. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. म्हणून बयाणा देण्यापूर्वीच उपविधी वाचा. तथापि अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास अडथळा आणणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक अधिनियमही आपल्या पाठीशी आहे. धर्मांतरामुळे हे संरक्षण गेले, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नका. अनुसूचित जातींच्या आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन त्यात बौद्धांचा समावेश झालेला आहे. फक्त जातीचा दाखला आणि कागदपत्रे व्यवस्थित ठेवा.

तक्रारीचा क्रम लक्षात ठेवा. प्रथम समितीकडे लेखी अर्ज. दाद न लागल्यास उपनिबंधकाकडे. आणि संस्थेच्या कारभारातील, सभांतील वा निवडणुकीतील वाद असेल तर कलम ९१ खाली सहकार न्यायालयात. जिन्यात उभे राहून केलेल्या आरडाओरड्याची नोंद कोठेच होत नाही. दोन ओळींच्या अर्जाची होते.

सभेत बसा

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हावयास हवी आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी मिळावयास हवी. हिशेबाचे कागद नोटिशीबरोबर मागून घ्या, घरच्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या, आणि प्रश्न लिहून सभेला जा. समिती सभा बोलावीत नसेल तर एक पंचमांश सभासद लेखी मागणी करून विशेष सभा बोलावण्यास तिला भाग पाडू शकतात. व्यवस्थापक समितीत स्त्रियांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा आहेत. त्या जागेवर दुसऱ्याच्या सोयीचा मुका माणूस बसू देऊ नका. हिशेब समजणारी, निर्भयपणे बोलणारी बाई वा माणूस तेथे पाठवा.

शेवटी, नामनिर्देशनाचा अर्ज आजच भरा. कर्ता माणूस गेल्यावर घराच्या कागदासाठी विधवेला कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. मात्र नामनिर्देशित व्यक्ती आपोआप मालक होत नाही. वारसांचा हक्क वेगळा राहतो. म्हणून नामनिर्देशनाबरोबर मृत्युपत्रही करा, आणि शक्य असेल तेथे पत्नीचे नाव कागदावर पहिल्यापासूनच असू द्या.

ह्या महिन्यात एवढी चार कामे करा : उपविधींची प्रत मिळवा, बिल वेळेवर भरून पावत्या एका फाईलीत लावा, नामनिर्देशन दाखल करा, आणि पुढील सभेला घरातून एक जण तरी जाईल असे ठरवा. ज्याला काही अडचण असेल त्याने आपले कागद घेऊन सभा संपल्यावर माझ्याकडे यावे. मी येथेच बसलो आहे.

जय भीम.