गाडीलाही रॅम्प हवा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



बाजारात, बँकेपुढे, शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी तुम्ही एक गाडी नक्की पाहिली असेल. साधीच, गिअर नसलेली स्कूटर. पण मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक चाक. मोजायला गेलं तर चाकं चार होतात, तरी लोक तिला तीनचाकीच म्हणतात. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात तिचं नाव ‘इनव्हॅलिड कॅरेज’ असं होतं. २०१९च्या दुरुस्तीत ‘अ‍ॅडाप्टेड व्हेइकल’ हा जरा बरा शब्द आला. मी तिला नुसतं ‘गाडी’ म्हणतो. लहानपणी पोलिओने माझा डावा पाय घेतला, आणि चाळिशीत या गाडीने तो जवळजवळ परत दिला. त्यामुळे ती बंद पडली की मी घरात बसतो.

ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा आमच्या गल्लीत ते कमरेएवढं होतं. आम्ही माणसं वेळेत निघालो, गाडी राहिली. पाणी ओसरल्यावर इंजिनाचं काम झालं, गाडी सुरू झाली. पण महिन्याभरात उजव्या बाजूच्या चाकातून जात्यासारखी घरघर यायला लागली. बेअरिंगमध्ये गाळ गेला होता.

ज्या सर्व्हिसिंगच्या ठिकाणी मी गाडी न्यायचो, तिथल्या पोरांनी ती धुऊन, पुसून परत दिली. घरघर तशीच! त्यांचीही अडचण होती म्हणा. दुचाकी वर उचलायचा त्यांचा जो पाट असतो, तो असतो अरुंद. माझी गाडी त्यावर चढवली तर बाजूची दोन्ही चाकं हवेत लोंबणार. म्हणून खालून कोणी बघतच नव्हतं. एका मिस्त्रींनी तोडगा काढला: गाडी कुशीवर आडवी करायची, रिक्षा करतात तशी. टाकीतलं पेट्रोल अंगणभर झालं आणि तो प्रयोग तिथेच थांबला.

मग ठरवलं, गाडी घरीच उंच करायची. जुना वाडा पाडला त्याच्या तुळईच्या फळ्या आमच्याकडे पडून होत्या. शेजारचे म्हणाले, एवढा खटाटोप कशाला, विटा लावा. तेवढं मात्र कोणी करू नका. वीट किंवा सिमेंटचा पोकळ ठोकळा फुटतो तो एकदम फुटतो, सूचना देत नाही. लाकूड आधी कुरकुरतं.

चार इंच उंचीचे दोन उतार केले, बाजूच्या एकेका चाकासाठी एकेक. पुढचं चाक दोघांच्या मधून जमिनीवरूनच जाईल असा हिशेब. शुभमुहूर्त पाहून मी गाडीवर बसलो आणि अ‍ॅक्सिलरेटर पिळला. बाजूची चाकं दीड-दोन इंच चढली, आणि गाडी जागच्या जागी ओरडायला लागली. मला काही कळेना. मुलगी म्हणाली, “बाबा, मधलं चाक हवेत फिरतंय!”

बरोबरच होतं. इंजिनाची ताकद जाते फक्त मधल्या चाकाला. बाजूची चाकं आधाराची, बिनताकदीची. ती जशी चढली, तसं मधलं चाक उचललं गेलं. मी घाबरून ब्रेक दाबला तो डाव्या हाताचा, मागचा. तो तरी कुठे लागणार? मागचा ब्रेकही त्याच मधल्या चाकाला! जमिनीला न टेकलेल्या चाकाला ब्रेक लावून काय उपयोग? बिनगिअरची गाडी, तेव्हा इंजिन बंद करूनही ती गिअरमध्ये अडकून राहत नाही. गाडी माझ्यासकट मागे घरंगळली आणि तुळशीवृंदावनाला टेकून थांबली. वृंदावनाचा कोपरा अजून तसाच आहे.

त्या संध्याकाळी दोन गोष्टी पक्क्या झाल्या. गाडी इंजिनावर चढवायची नाही, माणसांनी ढकलायची, आणि मी त्या वेळी तिच्यावर बसायचं नाही. दुसरी गोष्ट ब्रेकची: वर गेल्यावर धरून ठेवणारा एकच ब्रेक उरतो, पुढचा. म्हणून उजव्या हाताचा ब्रेक जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधायचा आणि पुढच्या चाकाला दोन्हीकडून पाचर मारायची.

पण ढकलणार कोण? मुलगी आणि पुतण्या. त्या उताराची लांबी होती सोळा इंच, म्हणजे चाराला एक असा चढ. दोघांनी जोर लावला, तोंडं लाल झाली, गाडी काही चढेना. गाडीच्या मागच्या बाजूचा भार नव्वद किलो धरला, तर अशा चढावर बावीस-तेवीस किलोचा रेटा लागतो, आणि तोही वाकून.

इथे मला माझंच हसू आलं. गेली कित्येक वर्षं मी कचेऱ्यांना अर्ज लिहितोय की पायऱ्यांशेजारी रॅम्प करा, आणि तो बाराला एक या चढाचा करा. खुर्चीतल्या माणसाला तो झेपतो. हा आकडा मला झोपेतही पाठ आहे. आणि स्वतःच्या गाडीसाठी मात्र मी कचेरीवाल्यांसारखाच उभा चढ करून बसलो होतो! फळ्या पुन्हा जोडल्या. चार इंच उंचीला चार फूट लांबी. आता रेटा लागतो सात-आठ किलोचा. पोरं गप्पा मारत गाडी चढवतात.

वर फूटभर सपाट जागा ठेवली आहे आणि तिच्या टोकाला दोन इंचांची आडवी पट्टी, चाक पुढे निसटू नये म्हणून. उतारांच्या खाली जुन्या टायरचे तुकडे ठोकले आहेत. चाक टेकलं की फळी पुढे सरकते. गुळगुळीत लादीवर तर साबणासारखी. आमच्याकडे कोबा आहे, तिथे टायर घट्ट धरतो. गाडी वर बसली की चाकांमागेही पाचर, आणि मग दोघांनी तिला चांगली गदागदा हलवून बघायची. हलली तर खाली घ्यायची. हे झाल्याशिवाय मी हात आत घालत नाही. आणि घालतो तो हातच. डोकं, छाती कधी नाही. चार इंच त्यासाठी पुरतात. जमिनीवर बसून काम करणं मला तुमच्यापेक्षा सोपं जातं, हा एक फायदा.

चाक फिरवून बघायचं तर दांड्याखाली जॅक लावून ती एकच बाजू इंचभर उचलायची. पूर्वी भाच्याच्या मोटारीचा बाटलीसारखा जॅक तिथे शिरतच नव्हता, आता शिरतो. जॅकशेजारी लाकडी ठोकळा हवाच. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नव्हे.

पहिल्या दिवशी बेअरिंग बघायला म्हणून बसलो होतो. दाढीचा आरसा खाली धरला, बॅटरी मारली. आडवा दांडा जिथे सांगाड्याला जोडलाय, तिथल्या वेल्डिंगवर रंगातून केसासारखी तांबूस रेघ दिसली. बोटाने पुसली, जाईना. गंजाची रेघ होती; आत तडा गेला होता. वरून, बाजूने, कुठूनही ती दिसली नसती. त्याच आठवड्यात मी मुलीला मागे बसवून मिरजेला जाऊन आलो होतो, पुलावरून, उसाच्या ट्रॅक्टरांमधून.

बेअरिंग मी घरी बदललं. वेल्डिंगला हात लावला नाही. ते काम ज्यांनी ही चाकं बसवली त्यांचं, कारण गाडीतला हा बदल आरटीओच्या कागदावर नोंदलेला असतो. आपण कुठेतरी दोन टाके मारून घेतले तर त्याची जबाबदारी कोणी घेत नाही. गाडी टेम्पोत घालून पाठवली, नवा दांडा आला.

आता दर तीन महिन्यांनी एका रविवारी गाडी वर जाते. आरसा, बॅटरी, नट आवळायचा पाना. अर्ध्या तासाचं काम. गावातल्या तशाच गाड्यांचे दोघे-तिघे फळ्या मागायला येतात. मी देतो. अट एवढीच की ढकलायला दोन माणसं बरोबर आणायची, आणि नेलेल्या फळ्या परत करताना ओल्या आणायच्या नाहीत.