तहान लागली तर सांग
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषणाची सवय नाही. म्हणून घरात घडलेली गोष्टच सांगते.

शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधले, तेव्हापासून कोल्हापूर म्हणजे कुस्तीचे माहेर. आता आपल्या मुलीही लाल मातीत उतरतात. माझी मुलगीही तालमीत जाते. पहाटे उठून तिची थंडाई मीच घोटते.

दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिने जेवण टाकले, पाणी सोडले आणि भर उन्हात स्वेटर घालून पळाली. वजनगटात बसायचे, म्हणून तिला तसे सांगितले होते. मीही म्हटले, "वस्तादांचे ऐक." दुसऱ्या दिवशी वजनकाट्यापुढेच पोर चक्कर येऊन पडली. सलाईन लावावे लागले.

डॉक्टरांनी समजावले की, एका दिवसात उतरते ती चरबी नव्हे, अंगातले पाणी. त्याने हृदयावर व मूत्रपिंडावर ताण येतो. १९९७ साली अमेरिकेत असे वजन उतरविताना महाविद्यालयातले तीन कुस्तीगीर दगावले, तेव्हा तेथे नियम बदलले. २०२४ साली पॅरिसला विनेश फोगाट रात्रभर खपली, केसही कापले. तरी १०० ग्रॅम जास्त भरले आणि अंतिम कुस्ती हुकली.

त्या रात्री मुलगी म्हणाली, "आई, तहान लागली होती, पण सांगायची भीती वाटली." मला झोप आली नाही. जिला तहान सांगता येत नाही, तिच्या अंगाला कोणी वाईट हेतूने हात लावला, तर ती ते कोणाला सांगणार? तिला गप्प राहायला मीच शिकविले होते.

२०२३ साली विनेश आणि ऑलिंपिक पदक मिळविलेली साक्षी मलिक लैंगिक छळाची तक्रार घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या. आरोपांचा न्याय कोर्टाने करावा. पण एवढ्या नावाजलेल्या मुलींना रस्त्यावर बसावे लागते, तेथे आपल्या पोरींचे काय?

२०१३ च्या कायद्यात खेळाची मैदाने व क्रीडासंस्थाही येतात. तेव्हा तालमीत जाऊन विचारा, तक्रार कोणाकडे करायची? परगावी स्पर्धेला मुलींबरोबर बाईमाणूस कोण जाणार? अठरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, १०९८ हा फोन आहे. चांगल्या वस्तादांना या विचारण्याचा राग येणार नाही. आणि मुलगी काही सांगू लागली, तर "लोक काय म्हणतील" हे आधी म्हणू नका. भाजी करपली तरी चालेल, तिचे ऐका.

माझी मुलगी पुढच्या वर्षी वरच्या वजनगटात खेळली आणि हरली. घरी येऊन दोन भाकऱ्या जास्त जेवली आणि कुस्ती कशी झाली ते सगळे सांगत बसली. मला ते पदकापेक्षा मोठे वाटले.