आकडा कोणत्या जमिनीचा?

(विश्रांतवाडी येथे पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



मी विज्ञानाचा शिक्षक. विषय कोरडा वाटेल, म्हणून तो ज्या प्रसंगामुळे सुचला तो आधी सांगतो. एका हिवाळ्यात आपल्या वस्तीतील एक माता वर्तमानपत्र घेऊन माझ्याकडे आल्या. मुलगा रात्रभर खोकत होता आणि घरामागच्या सखल जागेत रोज कचरा जळत होता. त्यांनी एका कार्यालयात तक्रार केली, तेव्हा त्यांना छापील आकडा दाखविण्यात आला : हवा समाधानकारक. "सर, आकडा खोटा की माझं पोर खोटं?" असे त्यांनी मला विचारले.

दोन्ही खरे होते. आकडा मात्र त्यांच्या गल्लीचा नव्हता.

मनोऱ्यावरचे यंत्र केवळ आपल्या पायथ्याची हवा मोजीत नसते. वारा जिकडून येतो तिकडच्या जमिनीवरून उठलेली उष्णता, वाफ आणि धूर भोवऱ्यांत मिसळत त्याच्यापर्यंत पोहोचतात. जमिनीच्या ज्या तुकड्याचा असा प्रभाव यंत्रावर पडतो, त्यास आपण उगमक्षेत्र म्हणू. ढोबळ हिशेब असा की, यंत्राच्या उंचीच्या शंभरपट अंतरापर्यंतची जमीन त्यात येते. म्हणजे 10 मीटर उंचीवरचे यंत्र वाऱ्याच्या बाजूस एक किलोमीटरपर्यंत पाहते. हा हिशेब जमिनीतून उठणाऱ्या वाफेचा व उष्णतेचा. हवेतील धुराचे प्रमाण मोजावयाचे तर क्षेत्र याहून मोठे. दुपारी उन्हाने हवा जोरात वरखाली होते तेव्हा ते आखडते, शांत रात्री कितीतरी लांबते, आणि वारा फिरला की तेही फिरते.

ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रँक पास्क्विल यांनी 1972 मध्ये ही कल्पना गणितात मांडली. पुढे संगणकावर हवेचे कण यंत्रापासून उलटे, मागे मागे चालवून ते जमिनीला कोठे शिवले हे पाहण्याची रीत आली. नताशा क्ल्यून यांनी सहकाऱ्यांसह 2015 मध्ये दिलेले सूत्र आज पुष्कळ ठिकाणी वापरले जाते. मुलींनी हे नाव वहीत लिहून ठेवावे. परंतु अशी सोपी सूत्रे सपाट, एकसारखी जमीन गृहीत धरतात. ती आपल्या पुण्यात कोठे आहे?

हिवाळ्यात शिवाजीनगर, पाषाण आणि लोहगाव यांचे किमान तापमान ताडून पाहा. लोहगावचा आकडा पुष्कळदा काही अंशांनी अधिक असतो. लोहगाव शिवाजीनगरहून सुमारे 30 मीटर उंच आहे. रात्री जमीन गार पडली की तिला लागून असलेली हवा जड होते व पाण्यासारखी उताराने वाहून सखल भागात साचते. हे एकमेव कारण नव्हे. डांबर आणि इमारतींचाही त्यात वाटा असतो. महाबळेश्वरला 2012 पासून ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. तेथे दिवसा याच्या उलट घडते : तापलेली हवा उताराने वर चढते आणि डोंगरमाथ्यावरचे यंत्र खालच्या दरीतली हवा मोजू लागते.

आपली विश्रांतवाडी दिघी-धानोरीकडचा चढ आणि कळसच्या बाजूने नदीकडे जाणारा उतार यांच्यामध्ये वसलेली. गच्चीवरचे निशाण एकीकडे फडकते आणि गल्लीतला धूर दुसरीकडे सरकतो, हे पुष्कळांनी पाहिले असेल. घरी लोबान जाळता, त्याचा धूर थंडीच्या रात्री दारात धरून पाहा. अशा जमिनीसाठी गणित करावयाचे तर चढउतारांचा नकाशा आणि तासातासाचा वारा संगणकाला द्यावा लागतो. तरीही अगदी निवांत रात्री उत्तरावर फारसा भरवसा ठेवता येत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी धूर सर्वांत जास्त साचतो. मला या विद्येतली हीच जागा सर्वांत अवघड वाटते. गणिताची आवड असलेल्या मुलांना येथे पुष्कळ काम आहे.

त्या माउलींना मी एका कागदावर तीन प्रश्न लिहून दिले. यंत्र कोठे व किती उंचीवर आहे? आकडा कोणत्या तासांचा आहे? त्या तासांत वारा कोणीकडून होता? खाली, मुलाला खोकला सुरू झाल्याच्या वेळा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिल्या. तो कागद घेऊन त्या पुन्हा त्याच कार्यालयात गेल्या.