ताप उतरला, कोलेस्टेरॉलही उतरले?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातले पहिले कोरोना रुग्ण आढळले. पुढच्या दोन वर्षांत कोरेगावसारख्या तालुक्याच्या गावालाही सीआरपी, डी-डायमर हे शब्द तोंडपाठ झाले. रक्तातल्या चरबीचा विषय मात्र मागे राहिला.

कोलेस्टेरॉल हा मुळात शत्रू नव्हे. पेशींची आवरणे, काही संप्रेरके आणि पित्त तयार करण्यासाठी ते लागतेच. ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून प्रथिनांबरोबर बांधून ते रक्तातून फिरवले जाते. या गाठोड्यांना लायपोप्रोटीन म्हणतात. एलडीएल कोलेस्टेरॉल पेशींपर्यंत पोचवते. ते फार झाले की धमन्यांच्या भिंतीत साठते. एचडीएल उरलेले कोलेस्टेरॉल यकृताकडे परत आणते.

कोरोना झाला की काय होते? वुहानमधील रुग्णांच्या तपासण्यांत २०२० मध्येच दिसले, की आजारपणात एलडीएल आणि एचडीएल दोन्ही घटतात. आजार जितका गंभीर, तितकी घट सहसा अधिक. शरीरात दाह वाढतो, यकृताचे काम बदलते, खाणेही कमी होते. रुग्ण बरा झाला, की आकडे हळूहळू पूर्वपदावर येतात. इतर गंभीर संसर्गांतही असेच घडते.

धोका आहे तो इथे. आजारातून उठलेला माणूस रिपोर्ट पाहतो. कोलेस्टेरॉल एकदम कमी! ‘आता गोळी कशाला?’ असे म्हणून तो वर्षानुवर्षे चाललेली स्टॅटिनची गोळी परस्पर बंद करतो. पण ही घट आजाराची असते, प्रकृती सुधारल्याची नव्हे. शिवाय कोरोनानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता वाढलेली असते. म्हणजे नेमक्या नको त्या वेळी आधार काढून घेतल्यासारखे होते.

पुढेही सावध राहायला हवे. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या नोंदींवरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कोरोना होऊन गेलेल्यांमध्ये वर्षभरात चरबीचे प्रमाण बिघडण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त आढळला.

तेव्हा काय करावे? कोणताही मोठा ताप किंवा संसर्ग होऊन गेल्यावर चरबीची तपासणी लगेच करू नये. दीड-दोन महिने जाऊ द्यावेत. आजारपणातला रिपोर्ट आणि आधीचा रिपोर्ट, दोन्ही डॉक्टरांना दाखवावेत. त्यांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये.

आणि आहार? कोरेगाव तालुक्याच्या वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. घेवड्यासारख्या कडधान्यांतला विरघळणारा तंतू पित्ताला धरून बाहेर नेतो, त्यामुळे एलडीएल थोडे उतरते. घेवडा जरूर खावा, मात्र तेलाचा तवंग आवरून. आणि गोळी चालू असेल, तर ती चालू ठेवूनच.