अपमान, मनःस्वास्थ्य आणि मद्य



कार्यालयात मद्यप्राशन करून आलेल्या कर्मचाऱ्याची नोंद तत्काळ होते. त्याला ज्ञापन दिले जाते, प्रसंगी निलंबनही होते. परंतु त्यापूर्वी वर्षभर चारचौघांत झालेला पाणउतारा, अडवून ठेवलेली रजा, हेतुपुरस्सर काढून घेतलेले काम यांची नोंद कोणत्याही दप्तरात आढळत नाही.

सततच्या छळाने मनुष्य धास्तावलेला राहतो. झोप उडते, आत्मविश्वास ढळतो, कामात चुका होतात आणि त्या चुकाच पुन्हा छळास निमित्त ठरतात. अशा वेळी मद्याचा आधार वाटू लागतो. मद्याने गुंगी येते, पण उत्तररात्री झोप मोडते. चिंता व नैराश्य अधिकच बळावतात. पुढे तेवढ्याच परिणामासाठी अधिक मात्रा लागते. छळ सोसणारा प्रत्येकजण मद्याकडे वळत नाही, हे खरे. तथापि वळलेल्याला शिक्षा देण्यापूर्वी कारणाचा शोध घेणे न्यायाचे ठरेल.

राजस्थानात बालविवाह रोखण्याचे काम करणाऱ्या भंवरीदेवी या साथिनीवर १९९२ साली अत्याचार झाला. त्यातून पुढे आलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विशाखा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा कायदा झाला. १० वा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती आवश्यक आहे. त्याहून लहान ठिकाणी, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असल्यास, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आत करावी लागते व चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावयाची असते. मात्र पुरुष कर्मचाऱ्यांचा जाच, किंवा रोजची मानहानी, या कायद्याच्या कक्षेत येत नाही. तेथे वरिष्ठांची दक्षता हाच पहिला उपाय होय.

व्यसन हा आजार आहे व त्यावर उपचार आहेत. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे कार्य करीत आहे. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक त्रासाविषयी विनामूल्य सल्ला मिळतो. दीर्घकाळ पिणाऱ्याने मद्य एकाएकी सोडल्यास कंप, झटके वा भ्रम संभवतात. म्हणून ते वैद्यकीय सल्ल्यानेच सोडावे.

मुख्याध्यापक, कार्यालयप्रमुख आणि सरपंच यांनी एवढे जरूर करावे : चूक दाखवावयाची ती एकांतात दाखवावी, रजेचा अर्ज नाकारल्यास कारण लेखी द्यावे, आणि तक्रार घेऊन आलेल्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे. यासाठी स्वतंत्र निधी लागत नाही. त्यामुळे एखाद्याची नोकरी तर वाचेलच, त्याचे घरही वाचेल.