मनाच्या दुखण्याची गोळी
(प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



तापाची गोळी तुम्ही सारे जाणता. सकाळी घेतली की दुपारपर्यंत ताप उतरतो. आज आम्ही जिच्याविषयी बोलणार आहोत, ती गोळी तशी नाही. ती पेरणीसारखी आहे. आज सरकी टोचली म्हणून उद्या बोंड हाती येत नाही. हे ज्यांना कोणी सांगितले नाही, त्यांनी ती आठ दिवसांत उकिरड्यावर फेकली.

दुःख सगळ्यांनाच होते. २०१२ च्या दुष्काळात आपल्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या. लेकरासारखी वाढवलेली झाडे सरपण झाली. माणसे रडली. त्याला आम्ही आजार म्हणत नाही. पण दोन आठवडे उलटले तरी मन रोज खिन्न राहिले, झोप उडाली, घास गोड लागेना, कामात जीव लागेना, ‘आपण नसलेलंच बरं’ असे मनात येऊ लागले, तर तो आजार समजावा. डॉक्टर त्याला नैराश्य म्हणतात. ती करणी नव्हे आणि आळसही नव्हे.

या गोळ्यांचा शोध मोठ्या गमतीने लागला. १९५२ साली अमेरिकेत, न्यूयॉर्क शहरातल्या स्टेटन बेटावर, क्षयाच्या रोग्यांना एक नवे औषध देऊन पाहत होते. महिनोन् महिने खाटेवर पडलेली ती माणसे. औषधाने त्यांना हुशारी आली, ती जेवू लागली, हसू लागली. औषध फुप्फुसाचे, आणि उमलले मन! पुढे त्या औषधाने यकृताला इजा होते असे दिसले, म्हणून ते मागे पडले. पण मनाच्या दुखण्यालाही औषध असू शकते, हे कळले. मग १९५७ साली स्वित्झर्लंडच्या रोलांड कून या डॉक्टरांनी इमिप्रामीन या औषधाचा गुण जाहीर केला. १९८७ साली अमेरिकेत फ्लुओक्सेटीनला मंजुरी मिळाली. आज फ्लुओक्सेटीन, एस्सिटालोप्राम आणि अमिट्रिप्टिलीन ही तीन औषधे भारत सरकारच्या २०२२ च्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. नावे जिभेला जड आहेत खरी. तुमच्या गोळीचे नाव डॉक्टरांकडून मराठीत लिहून घ्या आणि घरी अक्षर लावून वाचा. आता तुम्हाला वाचता येते.

गोळी करते काय? मेंदूत बारीक तंतू आहेत. एक तंतू संपतो, दुसरा सुरू होतो, मध्ये फट असते. निरोप पलीकडे पोचवायला पहिला तंतू त्या फटीत एक रस सोडतो. अशाच एका रसाचे नाव सेरोटोनिन. निरोप पोचला की पहिला तंतू तो रस परत ओढून घेतो. फ्लुओक्सेटीन आणि एस्सिटालोप्राम ही परतीची वाट अडवतात. वाफ्याचे तोंड बांधले की पाणी आत जास्त वेळ थांबते, तसा रस फटीत थांबतो. हे काही तासांतच घडते. मग गुण यायला दोन ते चार आठवडे का लागतात? अहो, पाणी दिल्याबरोबर रोप वाढते काय? मेंदूचे तंतूही हळूहळूच बदलतात. रस कमी पडला म्हणून आजार झाला, असे पूर्वी सांगत. ते इतके सोपे नाही, असे आता जाणकार म्हणतात. गोळीने पुष्कळांना गुण येतो, सगळ्यांना येत नाही. एकीने आला नाही, तर डॉक्टर दुसरी देऊन पाहतात.

आता त्रासाचे सांगतो. त्रास आधी येतो, गुण मागून येतो, आणि घोटाळा होतो तो इथेच. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी सहाव्या दिवशी गोळ्या बंद केल्या. म्हणाल्या, “मास्तर, मळमळ होती लई, अन् मन तर हाय तसंच हाय. मग कशाला खायची?” त्यांच्या जाऊबाईंनी त्यांना पुन्हा दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी मात्रा कमी केली, जेवणानंतर घ्यायला सांगितले आणि मग हळूहळू वाढवली. पाचव्या आठवड्यात बाई आपल्या पायांनी बाजाराला आल्या.

मळमळ, डोकेदुखी, पातळ जुलाब, झोपमोड, हे त्रास बहुतेकांना आठ-पंधरा दिवसांत कमी होतात. अमिट्रिप्टिलीनने तोंड कोरडे पडते, शौचाला खडा होतो, लघवी अडू शकते, गुंगी येते. गुंगीत ट्रॅक्टर चालवू नका. आणखी एक त्रास लोक लाजेने लपवतात. या गोळ्यांनी नवराबायकोच्या संबंधाची इच्छा मंदावू शकते. ते डॉक्टरांना सांगावे. त्यावर उपाय असतो.

पहिल्या काही आठवड्यांत घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून राहावे. विशेषतः रोगी पंचविशीच्या आतला असेल, तर बेचैनी आणि जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार या दिवसांत वाढू शकतात. तसे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. माणूस एकाएकी फार बडबडू लागला, झोपेवाचून हिंडू लागला, पैसा उधळू लागला, तरीही. अमिट्रिप्टिलीनच्या गोळ्या एकदम पुष्कळ पोटात गेल्या तर जीव जातो. म्हणून गोळ्या आणि फवारणीचे औषध, दोन्ही कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याजवळ द्या.

या गोळ्या चालू असता दारू नको. अंगदुखीच्या गोळ्याही विचारल्याशिवाय नकोत, पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. बरे वाटले तरी साधारण सहा महिने औषध चालू ठेवावे लागते. झोपेच्या गोळीसारखे व्यसन हिचे लागत नाही. पण एकदम सोडली तर चक्कर येते, डोक्यात झिणझिण्या येतात. म्हणून सोडायची तीही डॉक्टरांच्या सांगण्याने, थोडी थोडी करून.

जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मनाच्या आजाराची चौकशी करा. गावातल्या आशाताईंना विचारा. जायला कोणी सोबतीला नसेल, तर टेलिमानस नावाची सरकारी सेवा २०२२ पासून आहे. फोन रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. आकडे पाचच आहेत, पाटीवर लिहून घ्या : १४४१६.